गाडी उभी, तारीख धावते!

तीन महिने गाडी जागची हलणार नाही. मग तिची वार्षिक टेस्ट जाण्याआधी करायची, की परत आल्यावर? यूकेत शिकणाऱ्या आणि शिकायला निघालेल्या दोस्तांसाठी तारखांचं हे गणित. आणि हो, घरच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या तुमच्या स्कूटरसाठीसुद्धा!

दर सप्टेंबरला आपल्याकडची कितीतरी मुलंमुली बॅगा भरून यूकेला जातात. व्हिसा, रूम, छोटा कुकर, मेतकूट, थर्मल... यादी मोठी असते. त्या यादीत गाडी कुठेच नसते. सुरुवातीला बस, ट्रेन आणि सायकलवर भागतंही. पण राहायला शहराच्या टोकाला असलात, लॅबमधून सुटायला रात्रीचे अकरा वाजायला लागले आणि शेवटची बस रोज डोळ्यांदेखत जायला लागली, की वर्ष-दोन वर्षांत गाडीचा विषय निघतोच. आपलं भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून १२ महिने चालतं, पुढे तिथलं काढावं लागतं. तो डोंगर एकदा पार झाला, की मग एखादी आठ-दहा वर्षं जुनी, छोटी, चार मालकांची हवा खाऊन आलेली गाडी दारात येते.

आणि मग कधीतरी घरी यायची वेळ येते. दोन-तीन महिन्यांसाठी. कुणाचं फिल्डवर्क असतं, कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या आईचं ऑपरेशन. गाडी तिकडेच राहते. नेमकी त्याच काळात तिच्या टेस्टची तारीख येते. ‘चालवणारच नाही, तर टेस्ट कशाला?’ असं एक मन म्हणतं. ‘जायच्या आधी उरकून टाकू, डोक्याला ताप नको,’ असं दुसरं म्हणतं. दोघांचंही थोडं बरोबर, थोडं चूक आहे. कसं, ते बघूया.

एमओटी ही काय भानगड?

यूकेत गाडी तीन वर्षांची झाली, की दरवर्षी तिची तपासणी करून घ्यावी लागते. (नॉर्दर्न आयर्लंडमध्ये चार वर्षांची झाली की.) या तपासणीला सगळे एमओटी म्हणतात. एमओटी म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट. त्या नावाचं खातं आता राहिलेलं नाही, टेस्टला मात्र नाव चिकटलं ते चिकटलंच. १९६० मध्ये ही टेस्ट सुरू झाली, तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघायचे. तपासणीचं वय कमी होत होत १९६७ मध्ये तीन वर्षांवर आलं.

आता या टेस्टमध्ये ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट, काच, हॉर्न, धूर असं बरंच काही बघतात. टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, इतकं नेमकं. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स कितपत धड आहेत, हे मात्र बघत नाहीत. निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण दिसले, की समजायचं, या गॅरेजला टेस्ट घ्यायची परवानगी आहे. कारची फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. बरीच गॅरेजेस त्याहून कमी घेतात.

टेस्ट नसताना गाडी रस्त्यावर आणली, तर १,००० पौंडांपर्यंत दंड. ‘कोण बघतंय’ म्हणून सुटका नाही, कारण नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे जागोजागी आहेत आणि सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर.

पहिला प्रश्न तारखेचा नाहीच

माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण लीड्समध्ये पीएच.डी. करते. मूळची कोल्हापूरची. विषय भूजलाचा, त्यामुळे फिल्डवर्क मराठवाड्यात. ५ डिसेंबरला निघायचं आणि ५ मार्चला परतायचं, असं तिचं ठरलं होतं. गाडीच्या एमओटीची मुदत होती २० जानेवारी. म्हणजे तारीख बरोबर मधोमध.

‘तू कधी टेस्ट करायची ठरवलीस?’ असं व्हिडिओ कॉलवर विचारलं, तर ताई म्हणाली, ‘अगं, आधी हे विचार की गाडी लावलीस कुठं! सगळं त्याच्यावर आहे.’

आणि खरंच तसं आहे. यूकेत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी असेल, तर ती चालते की नाही याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. टॅक्स हवा, विमा हवा, एमओटी हवी. घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला पांघरूण घालून ठेवली, तरी ती रस्त्यावरच आहे. टॅक्स नसलेल्या गाडीच्या चाकाला सरळ कुलूप लावून जातात.

गाडी खासगी जागेत असेल, म्हणजे गॅरेज, कुणाच्या घराचा ड्राइव्ह-वे, खासगी आवार, तर मात्र एक सोय आहे. तिचं नाव सॉर्न. ‘ही गाडी मी रस्त्यावरून काढून ठेवली आहे’ असं सरकारला अधिकृतपणे कळवायचं. १९९८ पासून ही पद्धत आहे. ऑनलाइन होतं, फुकट होतं. गाडीचं लॉगबुक, म्हणजे आपल्या आरसी बुकचा तिकडचा भाऊ, त्यावरचा ११ अंकी नंबर टाकला की नोंद त्याच दिवसापासून लागू. एकदा सॉर्न केलं, की टॅक्स लागत नाही, विमा बंधनकारक राहत नाही आणि एमओटी संपली तरी दंड नाही. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परतही मिळतो. ‘पूर्ण’ या शब्दाकडे लक्ष द्या. ४ डिसेंबरला कळवलं, तर डिसेंबर गेला; परतावा जानेवारीपासूनचा.

आता गोची अशी, की विद्यार्थी ज्या जुन्या, एकाला एक चिकटलेल्या घरांमध्ये राहतात, तिथे दार उघडलं की थेट फुटपाथ. ड्राइव्ह-वे कुठला? ताईचंही तेच होतं. शेवटी ओळखीतल्या एका साताऱ्याच्या काका-काकूंनी त्यांच्या घराची जागा दिली. भाडं ठरलं जयसिंगपूरचं भडंग, दोन किलो!

आता कॅलेंडर काढा

जागा मिळाली. आता तारखा. एमओटीचा एक नियम सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. मुदत संपायच्या आधी एक महिना (त्यातून एक दिवस वजा) एवढ्या काळात टेस्ट दिली, तर जुनी तारीख कायम राहते, फक्त वर्ष पुढचं होतं. त्याहून आधी दिली, तर नवं वर्ष टेस्टच्या दिवसापासून मोजायला सुरुवात.

ताईची मुदत २० जानेवारी. म्हणजे तारीख वाचवायची, तर टेस्ट २१ डिसेंबर किंवा त्यानंतर हवी. ती तर ५ डिसेंबरलाच विमानात. मग उरले दोन पर्याय.

पर्याय पहिला : जाण्याआधी, ३ डिसेंबरला टेस्ट. नवी मुदत पुढच्या वर्षीच्या २ डिसेंबरपर्यंत. जुन्या मुदतीतले जवळजवळ सात आठवडे वाया. शिवाय नव्या वर्षातले पहिले तीन महिने गाडी उभीच. हातात उरले जेमतेम नऊ महिने.

पर्याय दुसरा : सॉर्न करून निघून जायचं. २० जानेवारीला एमओटी संपली तर संपू द्यायची. परत आल्यावर ६ मार्चला टेस्ट. नवी मुदत पुढच्या वर्षीच्या ५ मार्चपर्यंत. पूर्ण बारा महिने, आणि सगळे गाडी वापरायचे.

ताईने दुसरा पर्याय घेतला.

इथे कॉमर्सवाले लगेच कॅल्क्युलेटर काढतील. ५४.८५ पौंडांची टेस्ट, त्यातले तीन महिने वाया गेले, म्हणजे नुकसान साधारण १४ पौंडांचं. एवढ्यासाठी एवढा उपद्व्याप? रास्त प्रश्न आहे. फक्त फीचा विचार केला, तर मलाही तो उपद्व्यापच वाटला. टॅक्सचे दोन महिने वाचतात ते वेगळे. पण ताईचं खरं कारण पैशाचं नव्हतंच.

उभी गाडीपण बदलते

आपल्याला वाटतं, चालवली नाही म्हणजे गाडी जशीच्या तशी राहिली. तसं नसतं. लीड्सच्या थंडीत तीन महिने उभी राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. दमट हवेत ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. टायरमधली हवा कमी होते आणि एकाच जागी वजन पडून टायर तिथे चपटा होतो. हॅण्डब्रेक ओढून ठेवला असेल, तर तो तसाच चिकटून बसू शकतो. बॉनेटखाली उंदरांनी बिऱ्हाड केलं, तर वायरींचं काही खरं नाही.

आता विचार करा. ३ डिसेंबरला पास झालेल्या गाडीचं सर्टिफिकेट ६ मार्चला तुमच्या हातात आहे. ते खोटं नाही. पण ते ३ डिसेंबरच्या गाडीबद्दल बोलतंय. मधल्या तीन महिन्यांत ब्रेकचं काय झालं, हे त्या सर्टिफिकेटला कुठून कळणार? कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बिनधास्त रस्त्यावर उतरू शकता, आणि मोटरवेवर पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबाल तेव्हाच कळेल. ‘पास आहे म्हणजे सेफ आहे’ हे समीकरण उभ्या गाडीच्या बाबतीत फार लवकर शिळं होतं.

‘मला टेस्ट परत आल्यावरच हवी होती,’ ताई म्हणाली. ‘चालवायच्या आधी कुणीतरी ब्रेक बघू देत. सर्टिफिकेट मला कपाटात ठेवायला नको होतं, गाडी काढायला हवं होतं.’

तिच्या या वाक्यात सगळं आलं. टेस्टची योग्य वेळ गाडी ठेवून देण्याच्या दिवसाजवळची नसते, ती पुन्हा रस्त्यावर आणायच्या दिवसाजवळची असते.

पण, परंतु, तरीसुद्धा...

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगायला हवं.

गाडी रोज वापरात असेल, तर उलट करा. महिनाभराची सवलत सुरू झाली, की पहिल्या आठवड्यातच टेस्ट देऊन टाका. कारण नापास झाली, पण जुनी मुदत शिल्लक आहे आणि ‘डेंजरस’ असा शेरा नाही, तर गाडी घरी आणता येते, निवांत दुरुस्त करता येते. अगदी शेवटच्या दिवशी गेलात आणि नापास झालात, तर पुढचे दिवस बसचे. ‘डेंजरस’ शेरा असेल, तर मुदत शिल्लक असूनही चालवायची नाही. त्यासाठी २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट बसू शकतात.

गाडी रस्त्यावरच लावावी लागत असेल आणि मुदत तुम्ही नसताना संपणार असेल, तर पर्यायच नाही. जाण्याआधी टेस्ट करा. थोडे आठवडे गेले तर जाऊ द्यात. १४ पौंड वाचवायला जाऊन १,००० पौंडांचा दंड ओढवून घेण्यात काय शहाणपण?

आणि परतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी आठ वाजता गाडी हवीच असेल, तर आल्यावरची टेस्ट हा जुगार आहे. नापास झाली, तर दुरुस्ती, मग फेरतपासणी. गाडी त्याच गॅरेजमध्ये ठेवली आणि दहा कामकाजाच्या दिवसांत पुन्हा तपासून घेतली, तर फेरतपासणीची फी लागत नाही. पण तेवढे दिवस गाडीविना काढायची तयारी हवी. ताईने पहिला आठवडा बसचाच धरला होता. गाडी एका बल्बवरून अडली. बल्ब बदलला, पास झाली.

परतल्यावरचा क्रम

इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून सावकाश वाचा. टॅक्स भरायला चालू एमओटी लागते. एमओटीला गाडी न्यायची, तर रस्त्यावर आणावी लागते. आणि सॉर्न असलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही! आता?

वाट आहे. आधीपासून अपॉइंटमेंट घेतलेल्या टेस्टला जाण्या-येण्यापुरती ती गाडी चालवता येते. ‘आधीपासून’ हे महत्त्वाचं. अपॉइंटमेंट नसताना, किंवा जाता जाता भाजी घ्यायला वळलात आणि सापडलात, तर २,५०० पौंडांपर्यंत दंड.

म्हणून क्रम असा : आधी विमा सुरू करा, कारण टेस्टला जातानाही तो लागतोच. मग टेस्टची वेळ घ्या (ही भारतात बसूनही घेता येते). गाडी काढण्याआधी बॅटरी, टायरची हवा आणि दिवे बघा. टेस्ट पास झाली, की तिथेच उभं राहून फोनवरून टॅक्स भरा. टॅक्स भरला की सॉर्न आपोआप रद्द. मग भाजी आणा, नाहीतर एडिनबराला जा!

सेकंडहॅण्ड गाडी घेणाऱ्यांनी यातलं एक लक्षात ठेवा. एमओटी गाडीसोबत नव्या मालकाकडे येते, टॅक्स आणि सॉर्न येत नाहीत. आणि नंबर टाकला, की कोणत्याही गाडीचा एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो : कधी नापास झाली, का झाली, तेव्हा किती मैल चालली होती. ‘एकदम बटर कंडिशन, बॉस’ म्हणणाऱ्या विक्रेत्यासमोर शांतपणे फोन काढायचा.

आणि आपल्याकडे?

आता म्हणाल, आम्ही अजून इथेच आहोत, आमच्या स्कूटरचं काय? प्रश्न तोच आहे. तुम्ही पुण्यात हॉस्टेलला, स्कूटर लातूरला अंगणात.

आपल्याकडे खासगी दुचाकीला दरवर्षी द्यावी लागते ती फक्त पीयूसी. गाडी एक वर्षाची झाली की ती सुरू होते. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षभर चालते, त्याहून जुन्यांना सहा महिने. ती फक्त धूर बघते. ब्रेक, टायर, दिवे यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नवी मुदत तपासणीच्या दिवसापासून धरतात आणि काम पेट्रोल पंपाजवळ दहा मिनिटांत होतं. त्यामुळे इथेही हिशेब तोच. गाडी अंगणात असेपर्यंत घाई नको. सुट्टीत घरी गेलात, की रस्त्यावर काढल्या काढल्या पहिली फेरी पीयूसीची. कायद्यात १० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा ‘उद्या बघू’ नको. आणि ब्रेक कुणी बघणार नसल्यामुळे ते तुम्हीच बघायचे, नाहीतर गल्लीतल्या मेकॅनिक काकांना दाखवायचे.

विम्याचं तसं नाही. तो ‘आल्यावर बघू’ म्हणून सोडू नका. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची पॉलिसी संपून ९० दिवस उलटले, की इतक्या वर्षांत जमवलेला नो क्लेम बोनस जातो.

आणि बाबांची जुनी स्प्लेंडर तुमच्याकडे आली असेल, तर आरसीवरची तारीख आजच बघा. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. अर्ज मुदत संपायच्या आधी ६० दिवसांच्या आत करता येतो. उशीर केला की विलंब शुल्क वाढत जातं, मग गाडी उभी असो की पळती.

हे सगळ्यात जास्त कुणाला कळतं? रिक्षावाल्या काकांना. त्यांच्या गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. २०२४ मध्ये ते चुकलं तर दिवसाला ५० रुपये लागायचे. काका आजारी पडले, रिक्षा महिनाभर उभी, कमाई शून्य, तरी मीटर चालू. या शुल्कावरून २०२४ मध्ये राज्यात रिक्षाचालकांनी आंदोलनंही केली. आपल्यासाठी जो चौदा पौंडांचा हिशेब आहे, तो कुणासाठी तरी घरातल्या किराण्याचा असतो.

तारीख थांबली ती एकदाच, कोविडमध्ये. यूकेने तेव्हा एमओटीला सहा महिने वाढवून दिले. आपल्याकडे गाड्यांच्या कागदपत्रांची मुदत वाढत वाढत ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली. एरवी तारीख कुणासाठी थांबत नाही.

निघण्याआधी पाच मिनिटं

- गाडी कुठे उभी राहणार? रस्त्यावर की खासगी जागेत? पुढचं सगळं यावर.
- एमओटी, विमा, टॅक्स या तिन्हींच्या तारखा एका कागदावर. एमओटीच्या आठवणीसाठी सरकारकडून फुकट मेसेज किंवा ईमेल येतो, नाव नोंदवून ठेवा.
- सॉर्न केलंत तरी चोरी, आग यासाठी विमा ठेवायचा का, ते विमा कंपनीला फोन करून विचारा.
- टायरमध्ये हवा भरा. सपाट जागा असेल तर हॅण्डब्रेक सोडा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे वीट लावा. बॅटरीची वायर काढून ठेवता येत असेल तर उत्तम.
- किल्ली आणि लॉगबुक गाडीत ठेवू नका. किल्ली काकूंकडे, लॉगबुकचा फोटो फोनमध्ये.
- आणि भडंग विसरू नका.